लॉग सात वर्षं ठेवायचेत: कुठला स्टोरेज टिअर खरंच परवडतो?

रातपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ॲप्लिकेशन, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), ऑथेंटिकेशन आणि डेटाबेस ऑडिट असे सगळे लॉग मिळून आमच्याकडे रोज साधारण २०० जीबी कच्चा मजकूर तयार होतो. जीझिपने दाबल्यावर तो २० जीबीच्या आसपास येतो. कंप्लायन्सकडून आता फर्मान आलंय की सगळं सात वर्षं ठेवा.

सध्या सगळं ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड स्टोरेजच्या स्टँडर्ड टिअरमध्ये (टिअर म्हणजे साठवणुकीचा दरवर्ग) पडतं. सात वर्षांचा साठा पुरा झाला की ५१,१०० जीबी होतील. नॉर्थ व्हर्जिनियाच्या दराने (महिन्याला जीबीमागे ०.०२३ डॉलर) हे दरमहा ११७५ डॉलर झाले. हाच साठा ग्लेशियर डीप आर्काइव्ह या सर्वात थंड, म्हणजे क्वचित वाचायच्या फाइलींच्या टिअरमध्ये ०.०००९९ च्या दराने ५१ डॉलरला बसतो. तेवीसपट फरक आहे, त्यामुळे विचार असा आहे की एक लाइफसायकल नियम (ठरलेल्या दिवशी फाइली आपोआप हलवणारा किंवा पुसणारा) लिहायचा आणि तिसाव्या दिवशी सगळं सरसकट डीप आर्काइव्हमध्ये ढकलायचं.

यात काही मेख आहे का? आमची रचना साधी आहे. सुमारे ३०० पॉड (ॲप चालवणारे कंटेनर) आहेत आणि प्रत्येकावरचा एजंट दर मिनिटाला एक फाइल थेट बकेटमध्ये (एस-थ्रीतल्या आमच्या डब्यात) टाकतो.

गणिती

मेख तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. जीबीचा दर बाजूला ठेवा आणि आधी ऑब्जेक्ट (एस-थ्रीतली प्रत्येक फाइल) मोजा.

३०० पॉड गुणिले १४४० मिनिटं म्हणजे रोज ४,३२,००० फाइली, महिन्याला जवळपास १ कोटी ३० लाख. २० जीबी त्यांच्यात वाटले तर एक फाइल जेमतेम ४६ केबीची. आता दरपत्रकातली ती ओळ बघा जी कुणी वाचत नाही: डीप आर्काइव्हमध्ये ट्रान्झिशनला (फाइल एका टिअरमधून दुसऱ्यात हलवायला) दर हजार ऑब्जेक्टमागे ०.०५ डॉलर. १२,९६० गुणिले ०.०५ म्हणजे ६४८ डॉलर, दर महिन्याला. सात वर्षांचा अख्खा साठा सांभाळायला ५१ डॉलर आणि एका महिन्याचा माल तिथे पोचवायला ६४८!

एवढ्यावर भागत नाही. ग्लेशियर फ्लेक्झिबल (ग्लेशियरचा आणखी एक टिअर) आणि डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टमागे ४० केबी जादा धरले जातात. त्यातले ३२ केबी त्या टिअरच्या दराने आणि ८ केबी स्टँडर्डच्या दराने. तुमच्या एका महिन्याच्या फाइलींवर हा बोजा म्हणजे स्टँडर्डच्या दराचे शंभरेक जीबी आणि आर्काइव्हच्या दराचे चारशेच्या वर. दरमहा साधारण २.७ डॉलर. ज्या ६०० जीबी मालासाठी हा खटाटोप, त्याचं स्वतःचं भाडं तिथे फक्त ०.६ डॉलर आहे.

स्टँडर्डमध्येच ठेवले असते तर ते ६०० जीबी महिन्याला १३.८ डॉलर खातात. म्हणजे बोजा वजा जाता महिन्याला साडेदहा डॉलर वाचवायला तुम्ही आधी ६४८ मोजणार. वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त काळ लागेल, आणि सातव्या वर्षी तर पुसूनच टाकायचं आहे.

कुतूहल

पण मी वाचलं होतं की आता छोट्या फाइली ग्लेशियरमध्ये जातच नाहीत? मग ६४८ डॉलर लागणार कसे?

गणिती

बरोबर वाचलंत. सप्टेंबर २०२४ पासून लाइफसायकलचं डीफॉल्ट बदललं. १२८ केबीपेक्षा लहान ऑब्जेक्ट कुठल्याच टिअरमध्ये हलवले जात नाहीत. त्याआधी लिहिलेल्या नियमांना जुनीच वागणूक लागू राहते, मात्र त्या कॉन्फिगरेशनमध्ये एखादा नियम बदलला, घातला किंवा काढला की नवं डीफॉल्ट लागतं. पाहिजे तर मर्यादा आपण स्वतः खाली आणू शकतो.

म्हणजे धागाकर्त्याने आज नवा नियम लिहिला तर ६४८ चं बिल येणार नाही, पण बचतही शून्य. नियम "चालू" दिसतो, कन्सोलवर हिरवी खूण असते आणि एकही फाइल हलत नाही. मला हा दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण अचानक वाढलेलं बिल कुणाच्या तरी नजरेत येतं, न घटलेलं बिल सहसा कुणी तपासत नाही.

जुना_ॲडमिन

गणितींच्या हिशेबाला माझं शंभर टक्के अनुमोदन. उपाय: आधी एकत्र करा, मग थंड करा. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात.

दोन रस्ते आहेत. पहिला, पॉडवरून थेट बकेटमध्ये लिहिणं बंद करा. मध्ये ॲग्रिगेटरचा (सगळ्यांचे लॉग एका जागी जमवणाऱ्या प्रोग्रामचा) थर घाला (व्हेक्टर, फ्लुएंट बिट, फ्लुएंटडी, जे हाताशी असेल ते) आणि तिथून मोठ्या फाइली पाडा. फ्लुएंट बिटच्या एस-थ्री आउटपुटला फाइलीचा आकार आणि अपलोडची वेळ या दोन मर्यादा देता येतात. डीफॉल्ट १०० एमबी आणि १० मिनिटं, यातलं जे आधी होईल तेव्हा फाइल जाते. गंमत अशी की बरेच जण आकार वाढवतात आणि वेळ तशीच ठेवतात, मग दहा मिनिटांत जे साठेल तेवढंच वर जातं. दोन्ही आकडे एकत्र बदलावे लागतात. ॲग्रिगेटरला डिस्कवरचा बफर मात्र द्या, नाहीतर तो पडला की तेवढ्या वेळाचे लॉग गेले.

दुसरा रस्ता, पॉडना हात लावू नका. रोज रात्री एक जॉब चालवून आदल्या दिवसाच्या फाइली सेवेनुसार आणि तासानुसार जोडा. जीझिपच्या फाइली नुसत्या एकामागे एक चिकटवल्या तरी वैध जीझिप फाइल होते. झेडस्टँडर्ड या दुसऱ्या कॉम्प्रेशन प्रकाराचंही तसंच. पण मी तसं करत नाही. ४६ केबीचा तुकडा एकटा दाबला की कॉम्प्रेसरला मागचं काही आठवत नसतं, त्यामुळे तेच ते हेडर, तीच ती जेसनमधली (JSON) फील्डची नावं प्रत्येक तुकड्यात नव्याने साठतात. सगळं उघडून, एकाच सेवेच्या ओळी वेळेनुसार लावून झेडस्टँडर्डने वरच्या लेव्हलला पुन्हा दाबा. लॉगसारख्या पुनरुक्तीने भरलेल्या मजकुरात फरक ठळक दिसतो, आणि हे काम स्वस्तातल्या स्पॉट मशिनवर (क्लाउडच्या शिल्लक क्षमतेतल्या) सावकाश होऊ शकतं.

आकार २५६ एमबीच्या आसपास ठेवा. २० जीबी म्हणजे रोजच्या ८० फाइली, महिन्याला २४००. ट्रान्झिशनचा खर्च १२ सेंट. ६४८ डॉलरच्या जागी १२ सेंट.

रातपाळी

हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. एक शंका. डीप आर्काइव्हला किमान १८० दिवसांची अट आहे ना? ॲप्लिकेशनचे डीबग लॉग आम्हाला कामापुरते सहा महिनेच हवेत. पहिला महिना स्टँडर्डमध्ये, मग उरलेले १५० दिवस डीप आर्काइव्हमध्ये ठेवून पुसले तर दंड बसेल. मग त्यांना ९० दिवसांच्या अटीचा इन्स्टंट रिट्रीव्हल (ताबडतोब वाचता येणारा ग्लेशियर टिअर) बरा का?

गणिती

दंड बसेल, पण घाबरू नका, आकडे मांडा.

इन्स्टंट रिट्रीव्हलचा दर ०.००४. पाच महिने ठेवलं तर जीबीमागे ०.०२० डॉलर. डीप आर्काइव्हमध्ये दंडासकट पूर्ण सहा महिन्यांचे पैसे भरले तरी ०.००६ च्या आत. म्हणजे दंड भरूनही तिपटीहून स्वस्त!

अजून पुढे जातो. स्टँडर्डमध्ये एक महिना ठेवायला ०.०२३ लागतात, तेवढ्यात डीप आर्काइव्हची किमान मुदत जवळजवळ चार वेळा भरता येते. किमान मुदत ही बंदी नाही, ती किमान बिलाची अट आहे. तिच्यामुळे टिअर आपोआप बाद होत नाही. टिअर बाद होतो तो वाचण्याच्या गरजेमुळे. मधल्या काळात ते लॉग कुणी उघडणार असेल तर डीप आर्काइव्ह नको, मग भले दर कितीही कमी असो.

टिपकागद

मी ऑडिटच्या बाजूने काम करते, म्हणून जरा वेगळ्या टोकाने बोलते. "सगळं सात वर्षं" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय आणि विचारायला गेलं की त्यामागे नेमका नियम क्वचितच सापडतो. कंप्लायन्सला परत जाऊन विचारा: कुठल्या नियमाने, कुठल्या प्रकारच्या लॉगसाठी, किती काळ? उत्तर लेखी घ्या.

उदाहरणार्थ, कार्डाचे व्यवहार असतील तर पीसीआय डीएसएस हे कार्ड-सुरक्षेचं मानक ऑडिट लॉग १२ महिने ठेवायला सांगतं आणि त्यातले शेवटचे तीन महिने विश्लेषणासाठी ताबडतोब उपलब्ध असावेत असं म्हणतं. या एका अटीतून टिअरचा आराखडा जवळजवळ तयारच होतो: तीन महिने हाताशी, पुढचे नऊ महिने मागे. आता हे सात वर्षं कुठून आलं? बहुतेक वेळा आर्थिक नोंदींच्या मुदतीवरून कुणीतरी लॉगलाही तीच मुदत लावलेली असते.

आणि जास्त ठेवणं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज सोडा. लॉगमध्ये आयपी पत्ते, ईमेल, कधीकधी टोकनसुद्धा असतात. जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्यात साठवणुकीच्या मर्यादेचं तत्त्व स्पष्ट आहे: गरजेपेक्षा जास्त काळ वैयक्तिक माहिती ठेवू नका. सात वर्षांचा डीबग लॉग गळला तर तुम्ही सात वर्षांचं उत्तरदायित्व जमवून ठेवलेलं असतं. संवेदनशील फील्ड झाकायची ती आर्काइव्हमध्ये जायच्या आधी. २५६ एमबीच्या दाबलेल्या फाइलीतून नंतर एका माणसाच्या नोंदी उपसून काढणं फार जिकिरीचं आहे.

तुमच्या चार प्रकारांपैकी ऑथेंटिकेशन आणि डेटाबेस ऑडिट दीर्घकाळ ठेवण्याजोगे. एनजिनएक्सचे ॲक्सेस लॉग वर्षभर पुरे होतात बहुतेकांना. हेल्थ चेकच्या (सर्व्हर चालू आहे का ते तपासणाऱ्या) ओळी तर मुळात साठवूच नका. दर काही सेकंदांनी "२०० ओके" म्हणणारी ओळ सात वर्षांनी कुणाला हवी आहे?

जुना_ॲडमिन

+१. पुसलेल्या जीबीइतका स्वस्त टिअर दुसरा नाही.

कुतूहल

इतकं सगळं करण्यापेक्षा इंटेलिजंट टिअरिंग चालू करून मोकळं का होऊ नये? ते स्वतःच बघून हलवतं ना?

गणिती

लॉगला गरज नाही असं माझं मत. इंटेलिजंट टिअरिंग त्या डेटासाठी आहे ज्याचा वापर कसा होईल हे आपल्याला ठाऊक नाही. लॉगचं म्हातारपण आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. शिवाय १२८ केबीखालच्या फाइली तिथेही हलत नाहीत.

पारवा

मी थोडा असहमत. फाइली एकत्र केल्यावर चित्र बदलतं. देखरेखीचं शुल्क हजार ऑब्जेक्टमागे महिन्याला ०.००२५ डॉलर, म्हणजे २४०० फाइलींना नगण्य. ३० दिवस न वाचलेलं इन्फ्रीक्वेंट ॲक्सेसच्या (क्वचित वाचायच्या टिअरच्या) दराला जातं, ९० दिवस न वाचलेलं आर्काइव्ह इन्स्टंटच्या ०.००४ ला. आणि मुख्य म्हणजे वाचताना रिट्रीव्हलचे पैसे लागत नाहीत. ग्लेशियर इन्स्टंटमध्ये ०.००४ भाड्याबरोबर वाचायला जीबीमागे ०.०३ द्यावे लागतात. आमच्या सुरक्षा टीमला मध्येच लहर येते, मग चार महिन्यांपूर्वीचे लॉग धुंडाळतात. अशा ठिकाणी पहिल्या वर्षासाठी इंटेलिजंट टिअरिंग चांगलं चाललंय.

वाचलं की ऑब्जेक्ट पुन्हा वरच्या दराला जातो आणि उतरायला वेळ घेतो, हे मात्र हिशेबात धरा.

गणिती

मान्य. पहिल्या वर्षात वाचन अनियमित असेल तर पारवा म्हणतात ते योग्य. वर्षानंतरच्या साठ्याला मी तरीही सरळ डीप आर्काइव्हच सांगेन.

शोधयंत्र

वाचण्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण टिअर निवडताना लोक भाडं बघतात आणि क्वेरी विसरतात.

स्टँडर्ड-आयए (स्टँडर्ड इन्फ्रीक्वेंट ॲक्सेस) की ग्लेशियर इन्स्टंट? आयएचं भाडं ०.०१२५ आणि वाचन ०.०१. इन्स्टंटचं भाडं ०.००४ आणि वाचन ०.०३. भाड्यातला फरक ०.००८५, वाचनातला ०.०२. भागिले की साधारण ०.४ येतं. म्हणजे दर महिन्याला साठ्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भाग वाचत असाल तरच आयए परवडतो. तीस दिवसांनंतरचे लॉग इतके कोण वाचतं? लॉगसाठी आयए मला मधल्या मधे अडकलेला टिअर वाटतो. तसंच फ्लेक्झिबल रिट्रीव्हलचं. भाडं ०.००३६, म्हणजे इन्स्टंटपेक्षा फक्त दहा टक्के कमी, आणि त्याबदल्यात नेहमीच्या रिस्टोअरला (फाइल पुन्हा वाचण्याजोगी करायला) तीन ते पाच तास थांबायचं. त्याची एकच जमेची बाजू म्हणजे बल्क रिट्रीव्हल फुकट आहे. पाच ते बारा तास थांबून मोठा साठा वरचेवर बाहेर काढणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा.

आता अथेना, एस-थ्रीतल्या फाइलींवर थेट क्वेरी चालवणारी ॲमेझॉनची सेवा. स्कॅन केलेल्या टीबीमागे ५ डॉलर घेते. पण तुमचं टेबल ग्लेशियर इन्स्टंटवर असेल तर त्याच टीबीवर रिट्रीव्हलचे आणखी ३० डॉलर लागतात, ते अथेनाच्या बिलात दिसत नाहीत, एस-थ्रीच्या बिलात दिसतात. एखाद्याने तारखेची अट न घालता वर्षभराच्या ७.३ टीबीवर क्वेरी मारली की अथेनाचे ३६ आणि वर रिट्रीव्हलचे २१९ डॉलर. एकाच क्वेरीला. म्हणून पार्टिशन (सेवा आणि तारखेनुसार वेगळे कप्पे) हवेतच, साधारण असे:

लॉग / सेवा=ऑथ / वर्ष=२०२५ / महिना=०३ / दिवस=१४ / भाग-०००७.पार्के

ज्यावर क्वेरी होणार ते पार्के या फाइल प्रकारात ठेवा. कॉलमनुसार मांडणी असल्यामुळे "स्टेटस" आणि "युजर" हे दोनच कॉलम हवे असतील तर तेवढेच बाइट वाचले जातात. फाइल उघडावीच लागते, पण अख्खी वाचावी लागत नाही.

फ्लेक्झिबल आणि डीप आर्काइव्हमधल्या फाइली अथेना डीफॉल्टने निमूट वगळते. एरर येत नाही. निकाल अर्धवट येतो आणि बघणाऱ्याला वाटतं त्या काळात काही घडलंच नाही. तपासाच्या वेळी हे फार महागात पडू शकतं. रिस्टोअर केलेल्या फाइली वाचण्यासाठी टेबलवर वेगळी प्रॉपर्टी लावावी लागते. टेबलची हद्द कुठल्या तारखेपर्यंत आहे हे टेबलच्या वर्णनातच लिहून ठेवा, अशी कळकळीची विनंती.

कुतूहल

आमच्याकडे लोकी (लॉग साठवून शोधायचं साधन) आहे. त्याचे चंक (लॉगचे तुकडे) आधीच ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये असतात. त्यांनाच लाइफसायकल लावून डीप आर्काइव्हमध्ये पाठवलं तर?

शोधयंत्र

नको! लोकी चंक लगेच वाचता येतील असं धरून चालतो. ते आर्काइव्हमध्ये गेले की त्या काळाच्या क्वेरी फसतात. लोकीचं रिटेन्शन लोकीलाच सांभाळू द्या आणि दीर्घ मुदतीसाठी कच्च्या लॉगची वेगळी प्रत ॲग्रिगेटरमधूनच दुसऱ्या बकेटमध्ये पाठवा.

निळाई

सगळी चर्चा एकाच क्लाउडची चाललीय, म्हणून दुसऱ्या दोघांबद्दल लिहिते. नावं सारखी असली तरी वागणं सारखं नाही.

गूगल क्लाउडमध्ये आर्काइव्ह क्लासमधली फाइलही मिलिसेकंदांत वाचता येते, रिस्टोअरची भानगड नाही. भाडं अमेरिकेतल्या आयोवा रीजनला ०.००१२ आहे. पण किमान मुदत ३६५ दिवस आणि वाचन जीबीमागे ०.०५. वर्षभराचे ७.३ टीबी वाचायला ३६५ डॉलर. क्वचित वाचायचं पण वाचायचं तेव्हा ताबडतोब, अशांना हे उत्तम. बाकी निअरलाइनला ३० आणि कोल्डलाइनला ९० दिवसांची अट.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझुरमध्ये हॉट, कूल (३० दिवस), कोल्ड (९० दिवस) आणि आर्काइव्ह (१८० दिवस). पहिले तीन ऑनलाइन, आर्काइव्ह ऑफलाइन. रिहायड्रेट (पुन्हा ऑनलाइन) करायला साध्या प्राधान्याने १५ तासांपर्यंत लागतात. अकाउंट झोन-रिडंडंट (एकाच भागातल्या वेगवेगळ्या झोनमध्ये प्रती ठेवणारं) असेल तर आर्काइव्ह टिअर वापरताच येत नाही, म्हणून अकाउंट उघडतानाच ठरवा.

ॲझुरवाल्यांसाठी एक खास सूचना. ब्लॉब (ॲझुरमधली फाइल) आर्काइव्हमधून टिअर बदलून वर आणला की त्याची "शेवटचा बदल" ही तारीख जुनीच राहते. तुमचा लाइफसायकल नियम त्या तारखेवर चालत असेल तर पुढच्या फेरीत तो ब्लॉब बघतो, "हा तर जुना", आणि उचलून पुन्हा आर्काइव्हमध्ये टाकतो. तपास अर्ध्यावर आणि फाइली गायब. यावर दोन उपाय: शेवटच्या टिअर बदलापासूनचे दिवस मोजणारी अट नियमात घाला, किंवा टिअर न बदलता ऑनलाइन टिअरमध्ये नवी प्रत काढा. मी दुसरा वापरते, मूळ प्रत जागची हलत नाही.

रातपाळी

खूप उपयुक्त. कंप्लायन्सशी बोललो. टिपकागद म्हणाल्या तसंच निघालं, सात वर्षांची अट फक्त डेटाबेस ऑडिटला आहे. ऑथेंटिकेशनला दोन वर्षं, एनजिनएक्सला एक, डीबगला सहा महिनेही नकोत, एक महिना पुरे.

पण त्यांनी एक नवी मागणी केलीय: ऑडिट लॉग कुणालाही पुसता येता कामा नये, ॲडमिनलासुद्धा. आणि "मागितलं तर मिळेल का" याची खात्री हवी.

टिपकागद

पुसता न येण्यासाठी ऑब्जेक्ट लॉक. गव्हर्नन्स मोडमध्ये खास परवानगी असलेल्याला लॉक काढता येतं. कंप्लायन्स मोडमध्ये रूट युजरलाही मुदत संपेपर्यंत पुसता येत नाही, मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणून आधी गव्हर्नन्स मोडमध्ये चालवून बघा. बकेटच्या डीफॉल्टमध्ये सात वर्षांचा कंप्लायन्स लॉक लावला आणि त्यात चुकून डीबग लॉग शिरले तर त्यांचं भाडं सात वर्षं भरावं लागेल. ऑडिटसाठी वेगळी बकेट, शक्यतो वेगळ्या अकाउंटमध्ये. लॉक असलेले ऑब्जेक्ट लाइफसायकलने थंड टिअरमध्ये जाऊ शकतात, त्याला अडचण नाही.

ऑब्जेक्ट लॉकसाठी व्हर्जनिंग (फाइलीच्या जुन्या आवृत्त्या जपणं) लागतंच. व्हर्जनिंग असलेल्या बकेटमध्ये एक्स्पायरीचा नियम फक्त डिलीट मार्कर (पुसल्याची खूण) ठेवतो, जुनी आवृत्ती तशीच पडून भाडं खाते. नॉनकरंट (जुन्या) आवृत्त्यांचा वेगळा नियम लिहायला विसरू नका. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी होणारे) अपलोड साफ करायचा नियमही त्याच वेळी घाला.

जुना_ॲडमिन

"मागितलं तर मिळेल का" याचं उत्तर कागदावर देता येत नाही, रिस्टोअर करूनच द्यावं लागतं. ठरावीक काळाने एखादा जुना दिवस निवडा आणि अथपासून इतिपर्यंत बाहेर काढा: फाइल सापडली का, रिस्टोअर झाली का, चेकसम (मजकूर बदलला नाही हे दाखवणारा आकडा) जुळला का, उघडली का, नेमकी ओळ सापडली का.

डीप आर्काइव्हमधून साधं रिस्टोअर १२ तासांत, बल्क ४८ तासांत. वर्षभराचे ७.३ टीबी काढायचे तर बल्कने १८ डॉलर, साध्याने १४६. शिवाय रिस्टोअर केलेली तात्पुरती प्रत जितके दिवस ठेवाल तितके दिवस स्टँडर्डचं भाडं. आठवडाभर ठेवली तर चाळीसेक डॉलर. हे ठीक आहे. पण तेच ७.३ टीबी क्लाउडबाहेर उतरवायला निघालात तर जीबीमागे ०.०९, म्हणजे साडेसहाशे डॉलर. म्हणून विश्लेषण त्याच रीजनमध्ये करा, बाहेर फक्त निकाल आणा.

फाइली एकत्र न करता ठेवल्या असत्या तर? वर्षाच्या पावणेसोळा कोटी रिस्टोअर विनंत्या, बल्कमध्ये हजारामागे ०.०२५ ने जवळपास ३,९४० डॉलर. एकत्र केलेल्या २९,२०० फाइलींना एक डॉलरही नाही. छोट्या फाइली जाताना एकदा पैसे खातात आणि येताना दुसऱ्यांदा.

आणखी एक. प्रत्येक मोठ्या फाइलीबरोबर एक छोटी यादी बनवा: सेवा, पहिल्या आणि शेवटच्या ओळीची वेळ, ओळींची संख्या, शा-२५६ चेकसम. ही यादी मात्र स्टँडर्डमध्येच राहू द्या. कुठली फाइल रिस्टोअर करायची हे कळण्यासाठी सगळं रिस्टोअर करावं लागू नये.

पारवा

किल्लीचंही बघा. लॉग केएमएसच्या (ॲमेझॉनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेच्या) किल्लीने एन्क्रिप्ट केले असतील तर सात वर्षं ती किल्लीही जिवंत हवी. किल्ली पुसायला टाकली की ७ ते ३० दिवसांचा अवधी मिळतो, त्यानंतर ते लॉग कुणालाच उघडत नाहीत, ऑब्जेक्ट लॉक असला तरी. फाइल आहे पण वाचता येत नाही. जुने प्रोजेक्ट बंद करताना "ही किल्ली कोण वापरतंय" म्हणून सर्रास सफाई होते, तेव्हा ऑडिटची किल्ली त्याच वेगळ्या अकाउंटमध्ये ठेवा. किल्लीच्या आपोआप होणाऱ्या रोटेशनची (बदलाची) काळजी नको, किल्लीचं जुनं रूपही जपलं जातं.

निळाई

रातपाळी, हे सगळे लॉग क्लाउडवॉचमध्येही (ॲमेझॉनच्या देखरेख सेवेत) जातात का? एस-थ्रीबद्दलच बोललात म्हणून विचारते.

रातपाळी

हो, जातात. एजंट दोन्हीकडे पाठवतो. का?

निळाई

कारण मग आतापर्यंत आपण सगळे लहान आकड्यावर बोलत होतो. क्लाउडवॉच लॉग्जमध्ये आत घ्यायचाच दर जीबीमागे ०.५० डॉलर आहे, आणि तो न दाबलेल्या मजकुरावर. २०० जीबी रोज म्हणजे महिन्याला ६,००० जीबी, ३,००० डॉलर. तुमचा सात वर्षांचा स्टँडर्डमधला साठासुद्धा याच्या निम्म्याहून कमी होता! वर लॉग ग्रुपचं रिटेन्शन डीफॉल्टने "कधीच पुसू नका" असतं, त्याचं भाडं वेगळं.

ज्यावर अलार्म किंवा डॅशबोर्ड आहेत तेवढेच तिथे पाठवा आणि प्रत्येक लॉग ग्रुपला मुदत लावा. बाकीचे ॲग्रिगेटरमधून सरळ एस-थ्रीला.

रातपाळी

आत्ता बिल उघडून पाहिलं, निळाई म्हणतात तोच आकडा सर्वात वर आहे. हे पहिलं काम.

आता ठरवलेलं असं. क्लाउडवॉचमध्ये फक्त एरर आणि ऑथेंटिकेशन, मुदत ३० दिवस. ॲग्रिगेटरचा थर, २५६ एमबीच्या फाइली. एनजिनएक्स आणि ऑथेंटिकेशन पार्केमध्ये: ३० दिवस स्टँडर्ड, पुढे ग्लेशियर इन्स्टंट. ऑथेंटिकेशन वर्षानंतर डीप आर्काइव्हमध्ये. डेटाबेस ऑडिट वेगळ्या अकाउंटमध्ये, आधी गव्हर्नन्स लॉक, ९० दिवसांनंतर डीप आर्काइव्ह.

एकच प्रश्न उरला. आधीच बकेटमध्ये पडलेल्या कोट्यवधी छोट्या फाइलींचं काय करू? त्या वाचून एकत्र करणंही महागच पडेल ना?

गणिती

नाही, इथे हिशेब तुमच्या बाजूने आहे. स्टँडर्डमधून वाचायला हजार गेट (फाइल वाचायच्या) विनंत्यांना फक्त ०.०००४ डॉलर. एका महिन्याच्या १ कोटी ३० लाख फाइली वाचायला सव्वापाच डॉलर. यादी काढायला एका विनंतीत हजार नावं येतात, त्याचे सहा-सात सेंट. डिलीट फुकट. त्याच फाइली तशाच हलवायला ६४८ लागत होते. मशीन त्याच रीजनमध्ये ठेवा आणि खाजगी नेटवर्कमधून वाचत असाल तर एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट (एस-थ्रीकडे जाणारा थेट रस्ता) लावा, तो फुकट आहे. नॅट गेटवेमधून (खाजगी नेटवर्कच्या इंटरनेटकडच्या दारातून) गेलात तर जीबीमागे ०.०४५ विनाकारण जातील.

डीबगच्या आणि मुदत उलटलेल्या एनजिनएक्सच्या फाइली एकत्र करत बसू नका, त्यांना थेट एक्स्पायरी लावा.

जुना_ॲडमिन

आणि क्रम असा ठेवा: दिवस निवडा, एकत्र करा, ओळींची संख्या मूळ फाइलींच्या बेरजेशी ताडून बघा, नवी फाइल पुन्हा खाली उतरवून उघडून पाहा, मग त्या दिवसाच्या जुन्या फाइलींना टॅग लावा. पुसायचं काम त्या टॅगवर चालणाऱ्या लाइफसायकल नियमाला द्या, दोनेक आठवड्यांच्या अंतराने. टॅग लावायलाही प्रत्येक ऑब्जेक्टमागे विनंती पडते आणि टॅगचं थोडं शुल्क असतं. ते टाळायचं असेल तर दिवसाच्या प्रिफिक्सवर (फाइलीच्या नावाच्या सुरुवातीच्या भागावर) नियम लावा. तुमच्या फाइली तारखेच्या प्रिफिक्सखाली आहेत का?

रातपाळी

हो, तारीख आधी आणि मग पॉडचं नाव.

जुना_ॲडमिन

मग टॅगची गरज नाही. प्रिफिक्सवरच नियम लावा. सुरुवात सर्वात जुन्या ऑडिटच्या दिवसापासून करा.